कबुलीजबाब आणि दीडशे वर्षांचा अविश्वास

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. ज्या इंग्लंडकडून आपण कायदा घेतला, तिथे तो स्वेच्छेने दिलेला असेल तर चालतो. मग इथेच का नाही?

मद्रास इलाख्यात कंपनीच्या राजवटीत शेतसारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे बहुतेकदा एकच असत. दोन्ही कामांसाठी ते लोकांचा छळ करत. या छळाची चर्चा ब्रिटिश संसदेत झाली, आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८५५ मध्ये आला. माणसाला वाकवून बांधून ठेवणं, लाकडी चिमट्यात बोटं दाबणं, डोळ्यांत मिरची घालणं असे प्रकार त्यात नोंदले आहेत. दाद मागायची सोयही रयतेला जवळपास नव्हती.

१८६१ मध्ये दोन कायदे आले. पोलीस कायद्याने नवं दल उभं केलं आणि फौजदारी प्रक्रिया संहितेने त्याच दलापुढची कबुली बाद ठरवली. म्हणजे सरकारने पोलीस नेमले आणि त्यांच्या शब्दावर विसंबायचं नाही हेही त्याच वर्षी लिहून ठेवलं! १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच कलम २५ झालं. दल मात्र लोकांना उत्तरदायी झालं नाही. कर्झनने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने १९०२-०३ मध्ये स्पष्ट म्हटलं की लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात, त्यांना लोकांचा विश्वास आणि सहकार्य मिळवता आलेलं नाही.

आजच्या तपासातही हे जाणवतं. साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. खटल्यात तो जबाब मुख्यतः त्याची साक्ष खोडण्यापुरता वापरता येतो. त्यामुळे ठाण्यात एक बोललेला माणूस कोर्टात फितूर झाला की खटला ढासळतो. पंचनाम्याला साक्षीदार, म्हणजे पंच म्हणून उभं राहायला शेजारीपाजारी तयार नसतात. मग ठाण्याच्या ओळखीचे तेच ते पंच येतात आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं तेच बाहेर काढतो. एकाच्या वाईट वागणुकीची किंमत प्रामाणिक तपास अधिकाऱ्यालाही मोजावी लागते, ती अशी.

महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात अपवाद केला: अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य. तिथेही आरोपीला पुढे दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं आणि छळाची तक्रार असेल तर वैद्यकीय तपासणी होते. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलम २५ तिथे कलम २३ म्हणून कायम आहे.