गोधडीतील हलक्या-भारी कापडांची जोड

वेगवेगळ्या वजनाचे सुती तुकडे एकाच गोधडीत शिवण्याची रीत. कोकण-गोव्यात गोधडीला वाकळही म्हणतात. कापडाचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम असे मोजतात: मलमल साधारण ६० ते ८०, पॉपलीन ११० ते १२०, तर जीन्सचे डेनिम ३०० च्या वर.

धुतल्यावर कोरे सुती कापड ३ ते ५ टक्के आटते, सैल विणीचे त्याहून जास्त. कोरे मांजरपाट आणि धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे शेजारी आले, तर पहिल्याच धुण्यात एक आखडते आणि दुसऱ्याला झोळ पडतो. म्हणून कोरे कापड आधी भिजवून, खळ काढून वाळवतात. दुसरा दोष उशिरा कळतो. जाड तुकडा पातळाला ओढत राहतो आणि अखेर शिवण शाबूत राहून तिच्या कडेचे मऊ कापड विरते. अशा पातळ तुकड्याला मागून अस्तर लावावे, माया (शिवणीबाहेर सोडायचे कापड) पाव इंचाऐवजी अर्धा इंच ठेवावी. डेनिम टाळलेलेच बरे. चार तुकड्यांचे कोपरे मिळतात तिथे हातसुई शिरत नाही.

घरगुती वाकळीला हा त्रास कमी. तिथे तुकडे नुसते कडेला कड लावून जोडत नाहीत. जुन्या लुगड्याच्या थरांवर मांडून आरपार धावदोरा घालतात, म्हणजे ताण तळाचे कापड सोसते. नऊवारी सुमारे ८ मीटर, तेव्हा एकाच लुगड्याच्या दुमडीत चार थर निघतात. कुणबी साडीच्या लाल चौकड्यांच्या जाड तुकड्याशेजारी फ्रॉकचे पातळ वॉयल खपून जाते ते यामुळेच. मात्र टाके जवळजवळ हवेत.

कर्नाटकात उत्तर कन्नडमधील यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाची कवंदी नावाची गोधडीही तळाच्या कापडावरच उभी राहते. (त्यांचे बरेच पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले.) ती कडेपासून सुरू करून आत आत शिवत नेतात. तुकडे आखून कापलेले नसतात. हाताला येईल तो तुकडा, त्याच्या कडा दुमडून, बसवायचा. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावतात.

गोव्याच्या दमट हवेत जाड जोड लवकर सुकत नाहीत, बुरशी धरतात. म्हणून गोधड्या पावसाआधी, मे महिन्याच्या उन्हात धुऊन घ्याव्यात. मिश्र कापडाची गोधडी दोरीवर टांगू नये. भिजलेल्या जाड तुकड्यांचा भार पातळ तुकड्यांवर येतो. ती आडवी पसरूनच वाळवावी.