बाळ लवकर आलं. लसीची तारीख कुठून मोजायची?

काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हा आमचा व्यवसाय. आमच्या सिस्टर बाळाची आंघोळ, कांगारू पद्धत (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं), वाटी-चमच्यानं दूध पाजणं, वजनाची नोंद ही कामं करतात. लस आम्ही टोचत नाही, ती दवाखान्यातच घ्यायची. तरीही पहिल्या आठवड्यात घराघरांतून विचारलं जातं ते लसीबद्दलच: "एवढुसं आहे, दोन किलोसुद्धा नाही. सोसेल का त्याला? थोडं अंगानं भरू दे, मग बघू." हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे.

आधी उत्तर देतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची तब्येत स्थिर असेल, तर त्याच्या लसी जन्मतारखेपासून मोजून, इतर बाळांच्याच वेळापत्रकानं आणि पूर्ण मात्रेत द्यायच्या. वजन वाढायची वाट पाहायची नाही. याला अपवाद मोजकेच आहेत, ते पुढे येतील.

दोन वयांचा गोंधळ

घरी सोडताना डॉक्टर सांगतात की बाळाचं वय 'करेक्टेड' धरा, म्हणजे बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेपासून मोजा. मान कधी धरेल, पालथं कधी पडेल, वजन-उंची योग्य आहे का, हे पाहताना ते अगदी बरोबर आहे. मग आईबाप तोच हिशेब लसीलाही लावतात. त्यांची यात चूक नाही, फरक त्यांना कुणी समजावून सांगितलेला नसतो.

समजा, तारीख १२ मे ची होती आणि बाळ १० आठवडे आधी, ३ मार्चला जन्मलं. सहा आठवड्यांची लस, जिला आपण दीड महिन्याची लस म्हणतो, ती १४ एप्रिलला येते. त्या दिवशी हे बाळ खरं तर अजून पोटात असायचं. तरीही लस १४ एप्रिललाच. १२ मे पासून मोजलं तर तीच लस २३ जूनवर जाते. म्हणजे ज्या बाळाला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच १० आठवडे उघड्यावर राहतं.

दुसरा उशीर प्रेमापोटी होतो. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत हा रिवाज लसीच्या आड येत नाही. सव्वा महिना संपतो आणि दीड महिन्याच्या लसीची वेळ होते. पण जे बाळ महिनाभर रुग्णालयात राहून आलं, त्याचा सव्वा महिना घरी आल्याच्या दिवसापासून नव्यानं मोजला जातो, आणि लस आपोआप मागे पडते. घरातल्या आजींना आमची विनंती आहे, बाळाला आल्यागेल्यांपासून जपाच, पण लसीला मात्र पाठवा.

आईची शिदोरी

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात. त्यांतली बहुतेक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जातात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईइतकी, कधी तिच्यापेक्षाही जास्त असतात. २८ किंवा ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ही शिदोरी अर्धीमुर्धी घेऊन येतं आणि ती लवकर संपते. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' असं अजूनही कानावर येतं. ते चुकीचं आहे. पोटात मिळालेला एकेक आठवडा फुप्फुसांसाठी जितका मोलाचा, तितकाच या शिदोरीसाठीही.

शिदोरी कमी असली तरी बाळाचं शरीर स्वतः शिकतं. जन्मल्या क्षणापासून त्याचा जंतूंशी संबंध येतो आणि रोगप्रतिकारशक्तीचं शिक्षण सुरू होतं. धनुर्वात, घटसर्प, पोलिओ यांच्या लसींना कमी दिवसांची बहुतेक बाळं संरक्षण देण्याइतका प्रतिसाद देतात. प्रतिपिंडांची पातळी पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा थोडी कमी असू शकते, पण आजार रोखायला ती सहसा पुरते. जिथं फरक जास्त दिसतो त्या लसी म्हणजे हिब आणि न्यूमोकोकल (दोन्ही न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या जंतूंवरच्या) यांतले काही प्रकार आणि अगदी कमी वजनावर दिलेली कावीळ 'ब'ची लस. ज्या बाळांना फुप्फुसांसाठी बरेच दिवस स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यांच्यातही काही लसींचा प्रतिसाद कमी आढळला आहे.

म्हणून या बाळांचा दुसऱ्या वर्षातला बूस्टर चुकवू नये, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. पहिल्या तीन मात्रांनी शरीराला ओळख होते, बूस्टरनं ती पक्की होते. दीड वर्षाचं बाळ घरभर पळत असतं, पेटीचे दिवस सगळे विसरलेले असतात, आणि बूस्टर नेमका तेव्हाच राहून जातो.

"मग अर्धी मात्रा तरी द्या," असंही काही घरांतून सुचवलं जातं. १९८० च्या दशकात अमेरिकेत तसं करून पाहिलं गेलं. कमी दिवसांच्या बाळांना ट्रिपलची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लसीची) अर्धी मात्रा दिली, तर बऱ्याच बाळांत पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली नाहीत. लसीची मात्रा औषधासारखी किलोवर ठरत नाही. वजन काहीही असो, मात्रा पूर्णच.

डांग्या खोकल्याबद्दल

याच्यावर थोडं थांबून सांगायला हवं. मोठ्या मुलाला डांग्या खोकला झाला की खोकल्याची उबळ ऐकू येते. इतक्या लहान बाळाला मात्र बऱ्याचदा ना खोकला येतो ना आवाज होतो. ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं. आणि हा आजार त्याला बहुधा घरातूनच मिळतो, ज्या मोठ्या माणसाला 'जरा खोकला आहे' त्याच्याकडून. गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान आईला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्रित लस) दिली तर डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. पण बाळ २८ व्या आठवड्यातच आलं तर ती लस राहून गेलेली असते, किंवा तिचा उपयोग व्हायला वेळच मिळालेला नसतो. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला मिळणारी टीडी लस धनुर्वात आणि घटसर्पाची आहे, डांग्या खोकल्याची नाही. बाळाला सांभाळणाऱ्यांनी टीडॅप आणि फ्लूची लस घेण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं. बाळाला स्वतःला फ्लूची लस सहा महिन्यांनंतरच देता येते.

वेगळे नियम कुठे आहेत

कावीळ 'ब': आईचा एचबीएसएजी (कावीळ 'ब'साठीची रक्ततपासणी) अहवाल पॉझिटिव्ह असेल तर वजन न पाहता जन्मल्यापासून १२ तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. अहवाल निगेटिव्ह आणि वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर बरेच बालरोगतज्ज्ञ ही मात्रा एक महिन्याचं झाल्यावर किंवा घरी सोडताना देतात. २ किलोच्या आत दिलेली पहिली मात्रा हिशेबात धरत नाहीत. पुढे पेंटाव्हॅलंटच्या (कावीळ 'ब' धरून पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) तीन मात्रांतून ती भरून निघते.

बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि पोलिओचे थेंब बहुधा घरी सोडताना मिळतात. डिस्चार्ज कार्डावर आणि माता व बालक संरक्षण कार्डावर, दोन्हीकडे त्याची नोंद आहे का ते पाहा. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं फार वेळा आढळतं. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर गाठ येते, ती फुटते, खपली धरते. त्यावर हळद किंवा मलम लावू नये.

रोटाव्हायरसचे (जुलाबाच्या आजारावरचे) थेंब जिवंत जंतूंचे असल्यामुळे काही रुग्णालयं बाळ तिथं असेपर्यंत थांबतात. खासगीत मिळणाऱ्या लसींना पहिल्या मात्रेसाठी वयाची मर्यादा असते, तेव्हा घरी आल्या आल्या विचारून घ्या.

दीड महिना झाला तरी बाळ अजून रुग्णालयातच असेल, तर ते स्थिर असल्यास लस तिथंच घेणं उत्तम. फार लवकर जन्मलेल्या, आणि आधी श्वास थांबण्याचे प्रसंग आलेल्या बाळांत, लसीनंतरच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा श्वास थांबणं किंवा ठोके मंदावणं होऊ शकतं. बहुधा ते आपोआप किंवा थोड्या मदतीनं सावरतं, पण त्यासाठी मॉनिटर जवळ हवा. पहिल्या लसीच्या वेळी असं झालं असेल तर दुसरीच्या आधी डॉक्टरांना आठवण करून द्या. बाळाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर गोवर-रुबेलाच्या लसीआधी तेही सांगा.

ही गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांची. ज्या बाळाची शिदोरी आधीच संपली आहे, त्याच्यासाठी ही लस लांबवणं महागात पडू शकतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला, तसंच मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली होती. तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा द्यावी लागली होती.

लसीच्या दिवशी

मांडी बारीक आहे, सुई कशी मावेल, ही भीती आम्हाला कळते. टोचणाऱ्या सिस्टरला बाळ कमी दिवसांचं आहे हे सांगा, म्हणजे ती सुई त्या मापाची घेते. टोचताना बाळ अंगावर पीत असेल किंवा आईच्या छातीशी उघड्या अंगानं असेल तर ते कमी रडतं. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल देऊ नका. ताप आला तर डॉक्टरांना विचारून, बाळाच्या त्या दिवशीच्या वजनाप्रमाणे द्या. मोठ्या भावंडाची बाटली आणि तिचं माप चालणार नाही.

ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबतोय असं वाटलं, बाळ दूध ओढेना, लुळं पडलं किंवा फिट आली, तर आम्हाला फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त असेल आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर तो लसीचाच आहे असं घरी ठरवू नका, त्याच वेळी डॉक्टरांना कळवा.

मात्रा चुकली असेल तर आधीच्या वाया गेल्या असं नसतं. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथं थांबलं तिथून पुढे चालू करायचं. सरकारी वेळापत्रकातल्या लसी उपकेंद्रात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खासगीतल्या 'पेनलेस' लसीनं ताप कमी येतो, पण केवळ ती परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. सरकारी पेंटाव्हॅलंटही बाळाला तितक्याच आस्थेनं जपते.

आमची सिस्टर पहिल्या भेटीला येईल तेव्हा डिस्चार्ज कार्ड, माता व बालक संरक्षण कार्ड आणि आईचा एचबीएसएजी अहवाल हाताशी ठेवा. ती जन्मतारखेवरून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तारखा काढून या पत्रकाच्या मागे लिहून देईल. ते पान कपाटात न ठेवता फ्रिजच्या दारावर लावा.