पार्श्वभूमी: स्वस्त पॅड आणि पाकिटातला आकडा

शाळकरी मुलींसाठीच्या सॅनिटरी पॅडच्या योजना किमतीवरून गाजल्या. पाकिटात पॅड किती, याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

घरात जुन्या सुती साडीच्या घड्या वापरल्या जात, तोवर आकड्याचा प्रश्न नव्हता. घड्या कमी पडल्या तर आणखी फाडता येत. शहरांत पॅड दुकानातून मिळू लागले, पण गावातल्या मुलींपर्यंत ते पोचवण्याची मोठी केंद्रीय योजना आली 2011 मध्ये. वयोगट 10 ते 19, विक्री आशा कार्यकर्तीमार्फत, सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना.

हे सहा पुरतात का? पाळी पाच दिवसांची धरू. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचे, म्हणजे पहिले दोन दिवस रोज चार; स्राव ओसरेल तसे तिसऱ्या दिवशी तीन, मग दोन-दोन. एकूण पंधरा. त्यासाठी तीन पाकिटे, अठरा रुपये. जिच्या हाती एकच पाकीट पडले, ती एक पॅड दिवसभर ओढणार हे उघड आहे.

शोषणक्षमतेवर बोट ठेवून सहा पुरेसे ठरवता येतात, आणि गोंधळ इथेच होतो. 1980 च्या आयएस 5405 या भारतीय मानकात पॅडची चाचणी अशी होती: मिनिटाला 15 मिली या गतीने 30 मिली द्रव मधोमध ओतायचा, वर एक किलो वजन ठेवायचे, खालून-बाजूने गळता कामा नये. आता, अख्ख्या पाळीतला रक्तस्रावच सरासरी 30 ते 40 मिली असतो. त्या हिशेबाने एक-दोन पॅडमध्ये पाळी उरकावी! पण पॅड बदलायचे ते भरले म्हणून नव्हे. ओल आणि ऊब तशीच राहिली की जंतू वाढतात, वास येतो, आणि चालताना घासून जांघेतली कातडी सोलवटते. ‘अजून भरलं नाही’ म्हणून सकाळचे पॅड शाळा सुटेपर्यंत ठेवणाऱ्या मुलीला हे कुणीतरी आधी सांगायला हवे. शाळेच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा नसेल तर सांगूनही उपयोग नाही. मुली पॅड बदलायचेच टाळतात, किंवा ते शौचालयाच्या भांड्यात टाकतात. आतली जेल पाणी पिऊन फुगते आणि पाइप तुंबतो.

2018 मध्ये महाराष्ट्राची अस्मिता योजना आली: जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांना, विक्री बचत गटांकडून. दोन पाकिटांत पाळी निभावते, त्यामुळे हा आकडा निदान गरजेच्या जवळ होता. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांत, चार पॅड दहा रुपयांना मिळू लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये दर एक रुपया प्रति पॅड झाला, म्हणजे चार पाकिटांचा, सोळा पॅडचा पाळीचा खर्च चाळीस रुपयांवरून सोळावर आला. हा फरक खरा मोठा आहे.

त्या मानाने जीएसटीच्या निर्णयाचा गाजावाजाच जास्त झाला. जुलै 2017 मध्ये लागलेला 12 टक्के कर जुलै 2018 मध्ये माफ झाला. पण माफीबरोबर कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावटही गेली. जेल, गोंद, प्लॅस्टिक फिल्म यांवर 18 टक्के कर होता. तो उत्पादकाच्या खर्चात मिसळला. म्हणून किंमत पूर्ण 12 टक्क्यांनी उतरणे शक्यच नव्हते.

पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे चक्र 21 ते 45 दिवसांचे असू शकते. एकाच महिन्यात दोनदा पाळी आली तर ‘दरमहा एक पाकीट’ हा हिशेब कोलमडतो.

धुऊन वापरायच्या कापडी पॅडसाठी 2021 मध्ये आयएस 17514 हे वेगळे मानक आले. तिथेही संख्या ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात सहा-सात पॅड आलटूनपालटून चालतात. कोकणात श्रावणात एक पॅड वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा दहा तरी हवेत. आधी थंड पाण्यात रक्त काढावे (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), मग साबण, मग ऊन. ऊन नसेल तर पंख्याखाली उघड्यावर वाळवून इस्त्री फिरवावी. दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलेले पॅड आतून दमटच राहते.