दुर्बिणीतून मूत्रपिंड काढताना

मूत्रपिंड काढावे लागेल असे कळल्यावर ठाण्यातल्या यूरॉलॉजिस्टसमोर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा "दुर्बिणीने होईल ना?" हाच असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे किरकोळ शस्त्रक्रिया, ही समजूत मनातून काढलेली बरी.

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात भट्टीजवळ काम करणाऱ्यांचा घाम खूप जातो आणि पाणी पिणे कमी पडते, त्यामुळे खडे होण्याची शक्यता वाढते. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा कधी कधी फारसा दुखतही नाही, पण त्याच्यामागे लघवी तुंबत जाऊन मूत्रपिंड फुगते आणि हळूहळू निकामी होते. फुगवटा सोनोग्राफीत दिसतो. त्या बाजूचे काम किती उरले आहे, हे मात्र डीटीपीए स्कॅनमधून (शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देऊन मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या तपासणीतून) समजते. काम जवळजवळ थांबलेले असेल आणि वेदना किंवा जंतुसंसर्ग वारंवार होत असेल, तर ते काढण्याचा सल्ला दिला जातो.

मूत्रपिंड पोटाच्या मागच्या भिंतीला, बरगड्यांच्या आड असते. तिथवर पोहोचण्यासाठी पूर्वी कुशीत १५ ते २० सेंटिमीटरचा छेद घेऊन स्नायूंचे थर कापावे लागत, क्वचित बरगडीचा तुकडाही काढावा लागे, आणि रुग्णाला पुढे कित्येक आठवडे सोसावे लागे ते मुख्यतः या जखमेचे दुखणे. १९९० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा लॅप्रोस्कोपीने, म्हणजेच दुर्बिणीने, मूत्रपिंड काढले.

पोटातून न जाता थेट पाठीमागच्या जागेत शिरण्याची वाट सुकर केली ती मुंबईच्या डॉ. डी. डी. गौर यांनी. रबरी नळीला हातमोज्याचे बोट बांधून त्यांनी फुगा तयार केला आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या पंपाने तो आत फुगवून कामापुरती पोकळी निर्माण केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही युक्ती जगभर स्वीकारली गेली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटायला हवा.

शस्त्रक्रियेत ५ ते १२ मिलिमीटरची तीन-चार छिद्रे घेऊन कार्बन डायऑक्साइड भरला जातो. तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. खरी कसोटी रक्तवाहिन्यांपाशी लागते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे वाहतो, म्हणून आधी धमनीला आणि मगच शिरेला क्लिप लावतात. क्रम उलटा झाला, तर मूत्रपिंड रक्ताने टच्च फुगेल. मोकळे झालेले मूत्रपिंड आतच पिशवीत घालून एका लहान छेदातून बाहेर काढले जाते.

क्षयरोगाने किंवा जुन्या संसर्गाने मूत्रपिंड आजूबाजूला घट्ट चिकटलेले असल्यास मध्येच पोट उघडावे लागू शकते. तो सर्जनचा पराभव नसून रुग्णाच्या जिवासाठी घेतलेला निर्णय असतो, आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ही शक्यता नातेवाइकांनी डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावी.