नाव तेच, माणूस दुसरा : अमेरिकेच्या लष्करी तळांच्या नामांतराची पार्श्वभूमी

उत्तर कॅरोलिनातील ज्या विस्तीर्ण तळावर अमेरिकेचे छत्रीधारी सैनिक तयार होतात, त्याचे नाव दोन वर्षांच्या आत दोनदा बदलले. जून २०२३ मध्ये ‘फोर्ट ब्रॅग’चे ‘फोर्ट लिबर्टी’ झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’.

मूळचा ब्रॅक्सटन ब्रॅग मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात तोफखान्याचा अधिकारी म्हणून नावाजला. यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती झाला. १८६३ मध्ये चिकमॉगाची लढाई त्याने जिंकली आणि दोनच महिन्यांत चॅटनुगाला सपाटून मार खाल्ला. लुइझियानात त्याचा ऊसमळा होता आणि त्यावर राबायला गुलाम. त्याच्या नावाचा तळ उभा राहिला तो १९१८ मध्ये, युद्ध संपून अर्धशतक उलटल्यावर. दक्षिणेत तेव्हा वंशभेदाचे कायदे होते आणि काळ्या नागरिकांचा मतदानाचा हक्क जवळजवळ काढून घेतलेला होता. या नावाबद्दल त्यांचे मत विचारात घेतले जाण्याचा प्रश्नच नव्हता. अशा नावांचे एकूण नऊ तळ दोन महायुद्धांच्या काळात झाले.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला एका काळ्या नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि हा जुना प्रश्न रस्त्यावर आला. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचा रिचमंडमधला १८९० सालचा अश्वारूढ पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला. तळांसाठी मात्र संसदेने कायदाच केला. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला, तरी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा संमत केला. आठ जणांच्या आयोगाने नवी नावे सुचवली. तळांसह लष्करातील सगळ्या नामांतरांचा अंदाजे खर्च होता सव्वासहा कोटी डॉलर.

हा कायदा दक्षिणेच्या बंडखोर सेनानींची नावे द्यायला मनाई करतो. २०२५ मध्ये जुनी नावे परत आणताना ही अडचण होती, म्हणून त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधण्यात आले. आताचा ब्रॅग म्हणजे रोलंड ब्रॅग, दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत शौर्य गाजवून सिल्व्हर स्टार मिळवणारा छत्रीधारी सैनिक. त्याच्या पराक्रमाबद्दल शंका नाही. पण त्याची निवड झाली ती आडनावामुळे, आणि हा त्याच्यावरही अन्यायच आहे. ज्या पिढ्यांनी फोर्ट ब्रॅगमध्ये नोकरी केली त्यांना ते नाव आपले वाटते, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. मात्र जून २०२५ मध्ये त्याच तळावरच्या भाषणात राष्ट्राध्यक्षांनी ‘फोर्ट रॉबर्ट ई. ली’ परत येत असल्याचे सांगितले, तर लष्कराने तो तळ फिट्झ ली यांच्या नावाचा असल्याचे जाहीर केले. फिट्झ ली हे क्युबातील लढाईत सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे काळे सैनिक. कायद्याचे शब्द पाळले गेले. हेतू पाळला गेला असे म्हणणे कठीण आहे.

या अदलाबदलीत कोण गेले, याची चर्चा फार कमी झाली. व्हर्जिनियातला हा ‘फोर्ट ली’ दोन वर्षे आर्थर ग्रेग आणि चॅरिटी ॲडम्स या काळ्या अधिकाऱ्यांच्या नावाने होता. ॲडम्स यांनी दुसऱ्या महायुद्धात युरोपात काळ्या महिलांच्या टपाल पलटणीचे नेतृत्व केले होते. ग्रेग यांना आपले नाव तळावर लागलेले पाहता आले. २०२४ मध्ये ते वारले.

सर्वांत गुंतागुंत ‘फोर्ट ए. पी. हिल’ची. मूळचा ए. पी. हिल हाही दक्षिणेचाच सेनानी. तिथे २०२३ मध्ये मेरी वॉकर यांचे नाव आले होते. यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या या डॉक्टर सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या आजवरच्या एकमेव महिला. ‘ए. पी. हिल’ ही अक्षरे परत यावीत म्हणून अँडरसन, पिन आणि हिल अशा तीन सैनिकांची नावे जोडण्यात आली. तिघेही दक्षिणेविरुद्ध लढलेले, त्यांपैकी अँडरसन आणि पिन काळे. वॉकर यांचे नाव तळावरून उतरले.