लाल रंजके, नैसर्गिक

वनस्पतींची मुळे, खोडातील गाभा आणि काही कीटकांची शरीरे यांपासून मिळणारी, कापड लाल रंगविण्यास उपयोगी पडणारी कार्बनी संयुगे. यांतील सर्वांत टिकाऊ रंजके अँथ्राक्विनोन या तीन वलयांच्या सांगाड्यावर आधारलेली असतात.

वनस्पतीच्या मुळातला लाल रंग आयताच कापडावर चढतो, ही समजूत अपुरी आहे. युरोपीय मंजिष्ठा या वनस्पतीच्या मुळात ॲलिझरीन हे रंजक बहुतांशी शर्करेशी जोडलेले असते. मूळ साठवताना व कुटून भिजवताना विकरांमुळे ती शर्करा सुटते. मोकळे झालेले ॲलिझरीनही अम्लधर्मी पाण्यात पिवळे आणि अल्कधर्मी पाण्यात जांभळे दिसते. पक्का लाल रंग येतो तो तुरटीतील ॲल्युमिनियममुळे. रेणूतील शेजारशेजारचे ऑक्सिजन अणू या धातूला धरतात, प्रकाशाचे शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे सरकते आणि पाण्यात न विरघळणारे जटिल संयुग धाग्यातच तयार होते. तुरटीऐवजी हिराकस (लोहाचे सल्फेट) वापरल्यास त्याच मुळापासून जांभळट-काळी छटा मिळते. त्यामुळे रंगाऱ्याच्या कौशल्याचा मोठा भाग रंगबंधकाच्या, म्हणजे तुरटीसारख्या रंग पक्का करणाऱ्या पदार्थाच्या, निवडीत असतो, असे म्हणणे योग्य ठरेल. लोकर व रेशीम यांतील प्रथिने धातूला सहज धरतात, सुती धागा मात्र धरत नाही. म्हणून सुती कापडाला आधी हिरड्याच्या काढ्यातील टॅनिन देण्याची पद्धत भारतात रूढ झाली. पाण्यातील कॅल्शियमही या जटिल संयुगात सामील होते, त्यामुळे पाण्याच्या जडपणानुसार छटा बदलते.

भारतीय मंजिष्ठेत ॲलिझरीनपेक्षा पर्प्युरीन व मुंजिस्टीन या रंजकांना अधिक महत्त्व आहे. आल या झाडाच्या मुळाच्या सालीत मोरिंडीन असते आणि त्यातील शर्करा सुटली की मोरिंडोन हे रंजक मिळते. बुंदेलखंडात आलीची लागवड मुद्दाम या रंगासाठी होत असे.

लाखेच्या किड्यातील लॅकाइक अम्ले आणि निवडुंगावर वाढणाऱ्या अमेरिकी कोचिनील किड्यातील कार्मिनिक अम्ल हीदेखील अँथ्राक्विनोनेच होत. पतंग या झाडाच्या लाकडातील ब्राझिलीन मात्र वेगळ्या कुळातले आहे. ते जवळजवळ रंगहीन असून हवेतील ऑक्सिजनाने त्याचे लाल ब्राझिलेईन होते. हा रंग उन्हात लवकर विटतो.

रोबिके व कोलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२६ मध्ये मंजिष्ठेतून ॲलिझरीन वेगळे केले. ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये ते कोळशाच्या डांबरातील अँथ्रासीनपासून बनविले आणि थोड्याच वर्षांत फ्रान्स व हॉलंडमधील मंजिष्ठेची शेती मोडकळीस आली. प्रयोगशाळेत प्रथमच हुबेहूब घडविलेले हे वनस्पतिज रंजक होय.

जुन्या वस्त्रातील रंजक ओळखण्यासाठी आज धाग्याचा बारीकसा तुकडा पुरतो. त्यातील रंजके अम्लाने सोडवून द्रव वर्णलेखनाने (लिक्विड क्रोमॅटोग्राफीने) विलग करतात. लॅकाइक अम्ले आढळली तर लाख वापरली हे निश्चित होते. नुसते कार्मिनिक अम्ल आढळल्यास मात्र रंग अमेरिकेतून आला असे लगेच म्हणता येत नाही, कारण ते आर्मेनियातील कोचिनीलमध्येही असते. तेव्हा सोबतच्या अल्पांश घटकांचे प्रमाण तपासावे लागते.