पहाटे आंबट, दुपारी बेचव

आम्ही बागकामाची हौस असलेली सात-आठ माणसं महिन्यातून एकदा भेटतो. निमित्त रोपांच्या अदलाबदलीचं असतं, पण फांद्यांचं कटिंग आणि झाडांवरची मावा कीड यावरून सुरू झालेल्या गप्पा मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, न लागणारी झोप असं करत घरभर फिरून येतात. गेल्या वेळी झोपेवरूनच विषय निघाला. एक मैत्रीण म्हणाली, "मी पलंगाशेजारी स्नेक प्लांटच्या तीन कुंड्या ठेवल्यात. ती झाडं रात्री ऑक्सिजन सोडतात ना!" त्यावर गटातल्या सगळ्यात अनुभवी काकू लगेच म्हणाल्या, "भलतंच काय! रात्री झाडं ऑक्सिजन ओढून घेतात. झोपायच्या खोलीत एकही कुंडी ठेवू नये. मी दिवेलागणीला सगळ्या बाहेर काढते."

दोघींच्या बोलण्यात एकेक खरी गोष्ट आहे, आणि दोघींनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला आहे. या दोन चुकांच्या मधोमध वनस्पतिशास्त्रातली एक विलक्षण देखणी यंत्रणा दडलेली आहे. ती माझी इतकी आवडती आहे की तेव्हा अर्धवट सांगून माझं समाधान झालं नाही.

आधी काकूंचं. झाडं श्वसन करतात, रात्रीही करतात आणि दिवसाही. पण किती? पानाचं अंधारातलं श्वसन साधारणपणे दर चौरस मीटरला सेकंदाला एक मायक्रोमोल (रेणू मोजायचं एक छोटं माप) धरलं आणि एका बऱ्यापैकी भरलेल्या कुंडीतल्या पानांचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर मानलं, तर आठ तासांत ते रोप सुमारे १४० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. शांत झोपलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर वापरतो. म्हणजे त्या रोपाची अख्खी रात्र आणि आपलं अर्ध्या मिनिटाचं झोपणं सारखंच. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सात हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो, शिवाय दाराखिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. शेजारी झोपलेल्या माणसाची ज्याला भीती वाटत नाही, त्याने कुंडीचीही बाळगू नये.

आता स्नेक प्लांट. तो रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो, हे अगदी खरं आहे. बहुतेक झाडं हे काम दिवसा करतात आणि हा रात्री करतो. इथून पुढे मात्र आपल्या डोक्यातलं शाळेतलं वाक्य घोटाळा करतं. "झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात" असं आपण एका दमात पाठ केलेलं असतं, त्यामुळे पहिलं घडलं की दुसरंही तिथंच, त्याच क्षणी घडत असणार असं वाटतं. जणू पानाने कार्बन ठेवून घेतला आणि उरलेला ऑक्सिजन परत दिला.

तसं होत नाही. १९४१ साली सॅम्युअल रुबेन, मार्टिन कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक, ऑक्सिजन-१८, खुणेसारखं वापरून हे तपासलं. जड ऑक्सिजन पाण्यात घातला, तेव्हा शैवालाने सोडलेल्या वायूत तो सापडला. कार्बन डायऑक्साइडच्या बाजूने घातला, तेव्हा मात्र सोडलेल्या वायूने पाण्याचीच खूण दाखवली. झाड बाहेर सोडतं तो ऑक्सिजन पाण्यातून येतो. हरितलवकात मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक छोटासा पुंजका आहे. प्रकाशाच्या ऊर्जेवर तो पाण्याचे रेणू फोडतो, इलेक्ट्रॉन पुढे पाठवतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. उजेड गेला की हे काम तत्काळ थांबतं. त्यामुळे अंधारात ऑक्सिजन सोडणारं झाड असूच शकत नाही, मग त्याचं नाव काहीही असो.

मग स्नेक प्लांट रात्री आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करतो तरी काय? तो त्याचं आम्ल बनवून साठवतो.

या शोधाची गोष्ट जिभेपासून सुरू होते. बेंजामिन हेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होता. आपल्या ओळखीची पानफुटी, जिच्या पानाच्या कडेला इवली रोपं फुटतात, तिची पानं त्याने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. पहाटे ती चांगलीच आंबट लागली, दुपारपर्यंत बेचव झाली आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. १८१५ मध्ये त्याचं हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. त्या काळी आम्लपणाचं मूळ ऑक्सिजन आहे असा समज होता (ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच 'आम्ल बनवणारा'), म्हणून उजेडात पानातला ऑक्सिजन निघून जातो आणि आंबटपणा ओसरतो अशी त्याची मांडणी होती. स्पष्टीकरण चुकलं, निरीक्षण मात्र दोनशे वर्षं टिकलं. तुम्ही मात्र चाखून बघू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. या लेखाच्या शेवटी त्याहून चांगला मार्ग आहे.

आता यंत्रणा. हा भाग थोडा जड आहे, पण मला तो गाळवत नाही.

रात्री हवा गार होते, तिच्यातला ओलावा वाढतो, तेव्हा पानाच्या त्वचेवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून बायकार्बोनेट होतो. पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला पकडतं आणि तीन कार्बनच्या एका रेणूला जोडून चार कार्बनचा रेणू तयार करतं, तोच पुढे मॅलिक आम्ल बनतो. हे विकर निवडक आहे. दिवसा काम करणारं रुबिस्को हे विकर कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच उचलतं आणि त्यात झाडाची बरीच ऊर्जा वाया जाते. पेप कार्बोक्सिलेजची अशी गल्लत होत नाही.

पण आम्ल साठवायचं कुठं? पेशीच्या मुख्य द्रवात ते सुटं ठेवलं तर बाकीची कामं बिघडतील. म्हणून पेशीच्या मधोमध असलेल्या रिक्तिकेत, त्या मोठ्या पाणथैलीत, ते भरलं जातं. थैलीच्या पडद्यावरचे पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलतात आणि त्यांच्यामागोमाग मॅलेट, म्हणजे मॅलिक आम्लाचंच विरघळलेलं रूप, आत जातं. रात्रभर ही भरणी चालते. स्नेक प्लांट, कोरफड, जेड यांची पानं जाडजूड का असतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे: त्यांच्या पेशींतल्या या थैल्या प्रचंड मोठ्या असतात. पाण्याचा साठाही तिथेच आणि रात्रीच्या आम्लाचाही तिथेच.

उजाडलं की सगळं उलटं फिरतं. पर्णरंध्रं मिटतात. मॅलिक आम्ल थैलीतून बाहेर येतं, तुटतं आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो, पण आता बंद दारांच्या आत. तिथं त्याचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट वाढतं, म्हणून रुबिस्कोची गल्लतही कमी होते आणि शर्करा बनत जाते. त्याच वेळी उजेडात पाणी फुटून ऑक्सिजन तयार होतो. म्हणजे स्नेक प्लांटचा ऑक्सिजनही दिवसाचाच, आणि तोही मिटलेल्या पानातून हळूहळू झिरपत बाहेर येणारा.

यातली मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट म्हणजे वेळेचं भान. रात्री पकडणारं विकर दिवसाही चालू राहिलं तर सुटलेला कार्बन डायऑक्साइड ते पुन्हा पकडेल आणि झाड स्वतःभोवतीच फिरत बसेल. म्हणून पेशीतल्या जैविक घड्याळाच्या इशाऱ्यावर रात्री त्या विकराला एक फॉस्फेट चिकटवला जातो. फॉस्फेट असेपर्यंत मॅलेट कितीही साठलं तरी विकर त्याला फारसं जुमानत नाही. पहाटे फॉस्फेट निघतो, आणि मग ज्या मॅलेटची निर्मिती त्या विकराने केली, तेच मॅलेट त्याला बंद पाडतं.

या सगळ्या रचनेला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात कॅम, म्हणतात. जेड आणि पानफुटी ज्या क्रॅस्युलेसी कुळातल्या, त्यावरून हे नाव पडलं. निवडुंग, घायपात, अननस, फॅलेनॉप्सिस ऑर्किड अशी अनेक झाडं याच वाटेने जातात. ही सारी खटपट पाण्यासाठी आहे. दिवसा, तापलेल्या कोरड्या हवेत छिद्रं उघडली की पाणी भराभर उडतं. साधं झाड एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतं, कॅम पद्धतीचं झाड ५० ते १००.

मैत्रिणीच्या तीन कुंड्यांकडे परत येऊ. समजा तिचा स्नेक प्लांट रात्री दर चौरस मीटरला सेकंदाला तीन मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड घेतो. खोलीतल्या मंद उजेडात वाढणाऱ्या झाडासाठी हा अंदाज फारच उदार आहे. तरी एक कुंडी आठ तासांत सुमारे ४०० मिलिलिटर घेईल. झोपलेला माणूस तेवढ्या वेळात जवळपास ९५ लिटर बाहेर सोडतो. तीन कुंड्या मिळून सव्वा टक्का. खिडकी बोटभर उघडली तरी याहून पुष्कळ जास्त फरक पडतो.

घरातली हवा 'शुद्ध' करणाऱ्या रोपांच्या याद्या सतत फिरत असतात, त्यांची मला मनापासून चीड आहे. त्यांचं मूळ बहुधा नासासाठी झालेल्या १९८९ च्या अभ्यासात असतं. तो लहान, हवाबंद पेट्यांत केला होता. घर हवाबंद नसतं. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला गेला, तेव्हा दिसलं की घरात आपोआप होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याला अशी यादी दाखवून रोप विकणं मला अन्यायाचं वाटतं.

बागकामाच्या दृष्टीने मात्र ही यंत्रणा फार कामाची आहे. स्नेक प्लांट कमी पाणी उडवतो, म्हणून कुंडीतली माती लवकर सुकत नाही. इतर रोपांच्या बरोबरीने त्यालाही रोज पाणी घातलं की मातीतल्या हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. ऑक्सिजनची टंचाई खोलीत नसते, कुंडीच्या तळाशी असते. आणि रात्रीचं आम्ल भरायला लागणारा कच्चा माल दिवसाच्या उजेडात बनलेल्या शर्करेतून आणि स्टार्चमधून येतो. काळोख्या कोपऱ्यात हे झाड तग धरतं, पण जेमतेम.

हे सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "दाखव मग." म्हणून पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या घेऊन आम्ही पानफुटी आणि मनी प्लांट निवडले. मनी प्लांट कॅम नाही, तो तुलनेसाठी. उजाडण्याच्या आत दोन्हींचं एकेक पान तोडून लगेच चुरगाळलं आणि रसाचा थेंब पट्टीवर टेकवला. दिवसभर कुंड्या चांगल्या उजेडात ठेवल्या आणि दिवस मावळताना त्याच रोपांच्या दुसऱ्या पानांवर तेच केलं. मनी प्लांटच्या दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नव्हत्या. पानफुटीची पहाटेची पट्टी चारच्या आसपास होती, संध्याकाळची पाचच्या पुढे गेलेली. पीएचचा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त, आणि एक आकडा म्हणजे आम्लतेत दहापट फरक. काकूंनी दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवून खाली वेळा लिहिल्या. त्यांच्या कुंड्या आता रात्री आतच असतात, आणि मैत्रिणीने पलंगाशेजारच्या तिन्ही कुंड्या उचलून खिडकीत नेल्या आहेत.